एकतीस पानांची बारा पानं

अन्याय झाला तो माझ्या वर्गातल्या, हसनाबादच्या मुलीवर. एम.ए. मराठी, दुसरं वर्ष, शेवटचं सत्र. कधी झाला तेही सांगते. गेल्या मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळी अकरा वीस ते साडेअकरा. जालन्यातल्या आमच्या कॉलेजात, मराठी विभागाच्या खोलीत, सर्जनशील लेखनाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा चालू असताना. दहा मिनिटं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी त्याच खोलीत मागच्या बाकावर बसले होते आणि फळ्यावरच्या घड्याळाकडं बघत होते. तिच्याकडं बघवत नव्हतं.

पत्रक लिहायला मी अकरावीत शिकले. मंठ्याला आमच्या संघटनेतला एक दादा शिकवायचा. तो म्हणायचा, "पहिल्या ओळीत कुणावर झाला आन कधी झाला. दुसऱ्या ओळीत कुणी केला. तिसरी ओळ बसस्टँडवरचा माणूस वाचत न्हाई, त्याची गाडी लागून राह्यलेली असती." मी त्या दोन ओळींवर वाढले. वसतिगृहाचं पाणी, रखडलेली शिष्यवृत्ती, मुलींच्या वेळेची बंद केलेली बस, प्रत्येकाचं पत्रक मी लिहिलं आणि हातानं वाटलं. पण ह्या प्रकरणाची पहिली ओळ लिहून झाली आणि दुसरी मी चार महिने लिहीत राहिले. अजून लिहितेच आहे. म्हणून हा पसारा.

एम.ए.ला मराठी घेतलं ते 'सर्जनशील लेखन' हा पेपर आहे म्हणून. मला वाटलं, लिहिता तर येतंच, फुकटात एक पेपर निघेल. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख सरांनी स्वाध्याय दिला: घरातल्या एका माणसाबद्दल एक पान. मी वडिलांवर लिहायला बसले आणि अर्ध्या पानात कापसाच्या भावावर पोचले, पाऊण पानात सरकारवर, आणि शेवटी चार मागण्या. सरांनी खाली लाल शाईत लिहिलं, "वडील कुठं आहेत?" मला राग आला. आजही तो कागद माझ्याकडं आहे आणि आजही थोडा राग येतो.

हसनाबादच्या मुलीनं तिच्या आईवर लिहिलं होतं. आई एका एडक्याला रागावते, एवढंच. एडका म्हणजे मेंढा, आणि हा मेंढा म्हणे चिडका होता, आणि आई त्याला घरजावयासारखं टोचून टोचून बोलायची, कारण मारलं तर तो ऐकायचा नाही आणि टोचून बोललं तर मान खाली घालायचा. तिनं वाचलं आणि वर्ग हसला. सर हसले. दारातून जाणारे शिपाईकाकाही थांबून हसले. मी हसले नाही.

तिचं घर मेंढपाळाचं. ती सातवीत जाईपर्यंत तिची माणसं दिवाळीनंतर कळप घेऊन निघायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायची. आता भाऊ टेम्पो चालवतो आणि आईकडं दहाबारा शेळ्या उरल्यात. माझं घर शेतकऱ्याचं. आमच्या शिवारात मेंढ्या बसवायची पद्धत होती. कळप रात्रभर रिकाम्या रानात बसवायचा, सकाळी जमिनीला खत मिळतं, आणि त्याबद्दल मेंढपाळाला ज्वारी द्यायची. म्हणजे तिच्यासारखी माणसं आमच्या रानात दर वर्षी यायची. त्यांना आमच्या घरातून ज्वारी गेली, ताक गेलं. नाव मात्र कुणी विचारलं नाही. हे मला एम.ए.ला आल्यावर कळलं आणि मग मी तिच्या वतीनं चिडायला लागले. तिला न विचारता.

कॅन्टीनमध्ये मी तिला धरलं. "अगं, तुमच्या लोकांना जंगलातून हाकलतात, पोरींच्या शाळा बुडतात, आन तू एडक्यावर काय लिहून राह्यलीस?"

ती चहात बिस्किट बुडवत होती. म्हणाली, "जंगलाचा गार्ड एडक्याइतका मजेशीर असता तर त्याच्यावर बी लिहिलं असतं. पण तो बिलकुल बोअर माणूस होता गं."

"हसण्यावारी नेऊ नको."

"बरं बाई. मोर्चा निघाला." तेव्हापासून ती मला 'मोर्चा'च म्हणायची. चल मोर्चा, लायब्ररी बंद होईल. ए मोर्चा, तुझ्या चपलेचा पट्टा तुटलाय. मला ते आवडायचं, हे तिला कधी सांगितलं नाही.

आमच्या वर्गात एका जागी बसणं मला जमायचं नाही. तास चालू असताना पाय हलायचे. कुणाची तरी फी अडलेली असायची, कुठं तरी निवेदन द्यायचं असायचं, घनसावंगीला कुणी उपोषणाला बसलेलं असायचं. मी अर्ध्या तासाला उठून जायची. ती मात्र बसायची. हिवाळाभर ती एका लांबट वहीत लिहीत होती आणि कुणालाही दाखवत नव्हती. विचारलं तर म्हणायची, "भिजून राह्यलंय. वाळू दे."

मग साचा आला. प्रबंधाऐवजी गोष्ट, आत्मकथन, नाटक, काहीही लिहून देता येईल असं अभ्यासक्रमात होतं. पण प्रकल्प जमा करायचा तो संगणकावर, आणि तिथं रकाने होते. प्रस्तावना. उद्दिष्टे. गृहीतके. सर्जनशील लेखन. निष्कर्ष. संदर्भसूची. परिशिष्ट. आणि 'सर्जनशील लेखन' ह्या रकान्याला बारा पानांची मर्यादा.

मागून कुणी तरी विचारलं, "सर, गोष्टीचं गृहीतक काय असतंय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला विचारू नका. रकाना आहे. रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत न्हाई, एवढंच मला माहितीये."

"आन संदर्भ? मायनं सांगितलेली गोष्ट असली तर?"

"तर मग माय कोणत्या साली प्रकाशित झाली ते टाका," सर म्हणाले, आणि सगळे हसले. पण सर हसले नाहीत. तेव्हा मी चिडायला हवं होतं. सगळ्या आयुष्यात चिडायची योग्य वेळ एकदाच आली आणि मी वहीत 'गृहीतके' लिहून खाली रेघ मारली.

जमा करायची शेवटची तारीख शुक्रवारची होती. बुधवारी तिच्या वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं, घरी आई एकटी. ती दुपारच्या गाडीनं निघाली. बसस्टँडवर तिनं ती लांबट वही माझ्या हातात दिली.

"टाइप करून घे. आन ती उद्दिष्टं, गृहीतकं जे काय हाय ते तू लिहून टाक. तुला पत्रकाची सवय हाय, तुझ्या हाताला ते चटकन येतं."

"तू काळजी करू नको."

"करून न्हाई राह्यले," ती म्हणाली आणि खिडकीची जागा धरायला पळाली.

गोष्टीला हात लावू नको, असं ती म्हणाली नव्हती. ते सांगावं लागतं हे तिला वाटलंच नसणार.

टायपिंगच्या दुकानात मी दोन दिवस स्टुलावर बसून होते. टाइप करणारा मुलगा भरभर बडवत होता आणि मी शेजारी बसून उद्दिष्टं लिहीत होते. 'भटक्या समाजातील स्त्रीच्या शोषणाचे स्वरूप तपासणे.' 'विस्थापनाचा स्त्रीच्या अस्मितेवरील परिणाम अभ्यासणे.' अशी चार उद्दिष्टं, चार गृहीतकं, सहा निष्कर्ष मी तासाभरात लिहिले, तिची गोष्ट पूर्ण न वाचता. गुरुवारी संध्याकाळी टायपिंग झालं. पानं भरली एकतीस.

मी तिला फोन लावला. लागला नाही. एकदाच लावला. खरं सांगते, दुसऱ्यांदा लावावासा वाटला नाही, कारण तोवर माझा हात चालायला लागला होता.

एकतीसची बारा करायची म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवावं लागतं. ते मी पत्रकासारखं ठरवलं. गार्डनं वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, उचलून नेलं ते पान ठेवलं. शाळेच्या बाईंनी वर्षाच्या मधे आली म्हणून तिला मागं बसवलं ते ठेवलं. मेंढी मेली ते ठेवलं. एडका काढला. आईनं नदीकाठी परातीवर ठेका धरून गाणं म्हटलं ते काढलं. आणि बांधाची गोष्ट काढली.

बांधाची गोष्ट तेवढी इथं सांगायची तिनं मला परवानगी दिलीय. बाकीचं ती स्वतः सांगणार आहे. झालं असं की तिच्या आईनं एकाच रात्रीचा शब्द दोन शेतकऱ्यांना दिला. दोघं शेजारी, दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि दोघांनी ज्वारी आधीच देऊन टाकलेली. आईनं काय करावं? मधला बांध धरून अर्ध्या मेंढ्या इकडं, अर्ध्या तिकडं बसवल्या. सकाळी दोघंही आले आणि बांधावर उभं राहून भांडायला लागले, की तुझ्या रानात लेंड्या जास्त पडल्या. दोघंही वाकून वाकून बघतायत. आणि आई बांधावरच बसून पोरीची वेणी घालत त्यांना सांगतेय, "दादा, तिकडं बघा, ते झुडपाखालचं तुमच्याच हद्दीतलं हाय." भांडण एवढं रंगलं की एक रात्र दोघांना विकली हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. दोघांनाही वाटलं, आपणच जिंकलो. पुढच्या वर्षी दोघांनी आधी निरोप पाठवला.

पाच पानं होती ती. मी ती काढली, कारण वाचणारे म्हणतील, हे लोक फसवतात. कारण आई तिथं हसत होती. कारण आमच्या पत्रकात ज्याच्यावर अन्याय झालेला असतो तो माणूस हुशारी करत नाही. आणि अजून एक कारण होतं, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही. त्या दोघांपैकी एक शेतकरी बोलताना हुबेहूब माझ्या काकांसारखा बोलत होता.

काढून झाल्यावर शेवट लंगडा वाटायला लागला. म्हणून मी एक वाक्य घातलं, आईच्या तोंडी. "आमच्या पायाखालच्या वाटेवरसुद्धा आमचं नाव न्हाई." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते जाड अक्षरात करायला सांगितलं.

टाइप करणारा मुलगा माझ्याकडं बघत म्हणाला, "ताई, गोष्टीत जाड अक्षर?"

"कर तू."

शुक्रवारी जमा केलं. तिला मेसेज टाकला, 'झालं'. तिनं दोन जोडलेले हात पाठवले.

परीक्षेपर्यंतचे दोन आठवडे ती घरीच होती. वहिनीला मुलगी झाली. शनिवारी, परीक्षेच्या दिवशी, ती सकाळच्या गाडीनं थेट कॉलेजला आली, केस पाणी लावून बसवलेले, हातात बाळाच्या पेढ्यांचा डबा. बांधून आलेला प्रकल्प तिला पहिल्यांदा हातात मिळाला तो अकराला. ती व्हरांड्यात उभी राहून चाळायला लागली. मी बघत होते. तिनं शेवटचं पान बघितलं, मग परत मागं गेली, मग परत पुढं.

"बाकीची पानं कुठंयत?"

"मर्यादा होती गं. सांगते नंतर."

"बांध?"

"नंतर सांगते ना."

तेवढ्यात आत बोलावलं. आम्ही सगळेच आत जाऊन बसलो. एकेकानं पुढं जायचं, बाकीच्यांनी मागं थांबायचं, अशी पद्धत आहे. ती गेली आणि पेढ्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवून गेली.

बाहेरून आलेले परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातले, वयस्कर, बोलायला मऊ. त्यांना प्रकल्प आवडला होता, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी पान उघडलं आणि ते जाड अक्षरातलं वाक्य मोठ्यानं, थांबून थांबून वाचलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय वाक्य आहे! आई कधी म्हणाल्या हे? कोणत्या प्रसंगी?"

ती म्हणाली, "माझी माय असं कधीच म्हणली न्हाई सर."

"म्हणजे?"

"तिला असं बोलताच येत न्हाई. ती असं रडत न्हाई."

परीक्षक आमच्या सरांकडं बघायला लागले. मग पानं उलटली. "बरं, तुमची गृहीतकं सांगा."

तिला आली नाहीत. येणार कुठून? माझी होती ती.

"एक तरी?"

"न्हाई सर."

"ताई, रागावू नका, पण हे लेखन तुमचं आहे का?"

"वही माझी हाय सर."

"मी वहीचं विचारत नाही."

तेव्हा तिनं मागं वळून बघितलं. एकदाच. मी घड्याळ बघितलं. अकरा सत्तावीस. कलेक्टर ऑफिससमोर उन्हात उभं राहून घसा फाटेपर्यंत ओरडणारी मी, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन गप्प बसले. उठून एवढंच म्हणायचं होतं: सर, ते वाक्य मी घातलंय. सात शब्दसुद्धा नाहीत. पण तिच्यानंतर माझा नंबर होता. दुसऱ्याचा प्रकल्प लिहून दिला म्हणून माझाही रद्द झाला असता. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. नुसती बसून राहिले. पाय मात्र हलत होते.

तिच्या नोंदीत लिहिलं गेलं: लेखन स्वतःचे असल्याबाबत शंका, फेरसादरीकरण. तिनं माझं नाव घेतलं नाही. का, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. मग माझा नंबर आला आणि मी त्याच खुर्चीवर बसले. परीक्षक मला म्हणाले, "तुमच्या भाषेला धार आहे."

ती डबा न घेताच गेली.

तासाभरात मी निवेदन तयार केलं. ग्रामीण, भटक्या घरातल्या मुलीच्या लेखनावर संशय घेणाऱ्या बाह्य परीक्षकांचा निषेध, माफीची मागणी, सगळं. खाली सह्या घ्यायला सुरुवात पण केली. दुपारी तिला फोन केला. ती गाडीत होती, आवाज तुटत होता.

"निवेदन तयार हाय. तुझी सही लागंल. सोमवारी मोर्चा नेऊ."

"काय लिहिलंय त्याच्यात?"

"अन्याय झाला म्हणून."

"कुणी केला लिहिलंय?"

"बाह्य परीक्षकानं. अन् कुणी?"

मागं कंडक्टर कुणाला तरी सुट्ट्यावरून बोलत होता, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मग ती म्हणाली, "आन तू?"

मी काही तरी बोलले. मर्यादा, वेळ, तुझा फोन लागत नव्हता.

"माझ्या मायच्या तोंडात तू घातलं ते. त्या माणसानं बराबर वळखलं. तो एकटाच बराबर होता तिथं." आणि मग, "माझ्या नावानं परत काही लिहू नको. फाड ते."

मी फाडलं. फाडतानाही मला राग आला, कारण मजकूर चांगला जमला होता.

जून, जुलै असेच गेले. घनसावंगीला बसफेऱ्यांसाठी रास्ता रोको होता, पत्रक माझ्याकडं. मी पहिली ओळ लिहिली, दुसरी ओळ लिहिली, आणि हात थांबला. कुणी केला? आगारप्रमुखानं. नक्की? मी विचारलं का त्याला? अशी मी आधी कधी अडले नव्हते. दादा म्हणाला, "काय गं, म्हातारी झाली का?" मी पत्रक दुसऱ्याला दिलं आणि खोलीवर येऊन फेऱ्या मारत बसले. तिची वही माझ्याच खोलीवर होती. कपड्यांच्या ढिगाखाली ठेवली होती, दिसू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये एका रविवारी ती वही पिशवीत घालून निघाले. जालन्याहून राजूरपर्यंत बस. बसायला जागा मिळाली आणि करण्यासारखं काही नव्हतं म्हणून वही उघडली. पहिल्या पानापासून. आणि सांगायला लाज वाटते, पण ती गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. बांधाशी आले आणि मला हसू फुटलं. मोठ्यानं.

शेजारी मेथीचं गाठोडं घेतलेली एक बाई बसली होती. "काय गं, एकटीच हसून राह्यली?"

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, वाच. मी वाचून दाखवलं. बाईनं पदर तोंडाला लावला. शेतकरी वाकून वाकून बघतात तिथं तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "आमचा मालक बी असाच हाय गं माय. बांध दिसला की वाकलाच." मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "ताई, जरा मोठ्यानं वाचा की." मी मोठ्यानं वाचलं.

राजूरला उतरताना बाई म्हणाली, "मंग पुढं काय झालं त्या पोरीचं?"

हा प्रश्न दोन वर्षांच्या एम.ए.मध्ये मला एकदाही पडला नव्हता.

राजूरहून हसनाबादला जीप मिळाली. तिच्या घरासमोर पत्र्याच्या सावलीला तिची आई शेळीच्या खुरातला काटा काढत होती, आणि ती शेळीचं तोंड धरून उभी होती. मला बघून तिनं "ये" एवढंच म्हटलं. शेळी सोडली नाही.

मी आईला सांगितलं. सगळं, उभ्यानंच. मावशी, तुमच्या तोंडी मी एक वाक्य घातलं, त्याच्यामुळं हे झालं.

"काय वाक्य?"

मी म्हटलं. पायाखालची वाट, नाव, सगळं.

आई काटा काढायची थांबली. "मी असं म्हणले?"

"न्हाई मावशी. मी लिहिलं."

"मंग माझ्या नावावर रडणं कामून लिहिलं गं? तुझ्या नावावर रडायचं व्हतं." आणि लेकीकडं वळून, "हीच का ती तुझी मोर्चा? चांगली धडधाकट दिसती की. मला वाटलं आजारी असंल." मग तिनं काटा काढला, माझ्या तळहातावर ठेवला, आणि म्हणाली, "फेक लांब. कुणाच्या पायात जाईल."

चहा झाला. बाळ बघितलं. निघताना मी वही दिली आणि म्हणाले, "आज बसमध्ये वाचली. लई हसले."

ती म्हणाली, "आज वाचलीस. तवा नुसती तपासली व्हतीस."

दुसऱ्या दिवशी मी विभागप्रमुखांना लेखी दिलं. काय काढलं, काय घातलं, कोणत्या पानावर. खाली सही. सरांनी दोनदा वाचलं. "तुझा निकाल लागलाय. हे मी पुढं पाठवलं तर तुझं काय होईल कळतंय का?"

"पाठवा सर."

"कशाला वाढवतेस? तिचं फेरसादरीकरण होणारच आहे." त्यांनी कागद खणात ठेवला. अजून तो खणातच आहे. मी दर आठवड्याला जाऊन विचारते. शिपाईकाका मला लांबून बघूनच मान हलवतात.

फेरसादरीकरण दिवाळीच्या सुटीआधी आहे. साचा तोच. तिनं ह्या वेळी सगळं स्वतः भरलं. गृहीतकांच्या रकान्यात लिहिलं, 'आई हुशार आहे.' निष्कर्षात लिहिलं, 'आई हुशार होती असे दिसून आले.' पण गोष्टीच्या रकान्यात बारा पानांच्या वर काही जातच नाही. मग तिनं त्या रकान्यात 'परिशिष्ट पाहा' एवढंच टाकलं आणि एकतीसच्या एकतीस पानं परिशिष्टात लावली, कारण परिशिष्टाला मर्यादा नाही. आता अडचण अशी की परिशिष्ट कुणी वाचत नाही. परीक्षक येतील, दहा मिनिटं असतील, उद्दिष्टं विचारतील, गृहीतकावर हसतील किंवा चिडतील, आणि तिनं लिहिलेलं पुन्हा एकदा कुणीही न वाचताच ठरवलं जाईल की ते तिचं आहे की नाही.

मी म्हणाले, मी येते, मागं बसते, ह्या वेळी उठते. ती म्हणाली, "बस. पण उठू नको. तू उठलीस की सगळ्यांना मोर्चाच दिसतोय. मी दिसत न्हाई."

ती आता माझ्याशी बोलते. पण नवं काय लिहून राह्यली ते दाखवत नाही. हे लिहितेय ते मात्र तिनं वाचलंय. दोन ठिकाणी म्हणाली, इथं तू स्वतःला जास्त मारून घेतलंस, ते बी पत्रकच झालं. एक ठिकाण मी काढलं. दुसरं राहू दिलं, ते कोणतं ते सांगत नाही.

मी उठू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. एम.ए.ची तोंडी परीक्षा आमच्याकडं खुली असते, विभागाच्या फलकावर तसं लिहिलेलं असतं, आणि विद्यार्थी सोडून तिथं कुणी जात नाही. जालन्याचे असाल तर सुटीच्या आधी फलक बघून या. लांबचे असाल तर तुमच्या जवळच्या कॉलेजात कोणत्या मुलाची, कोणत्या मुलीची गोष्ट दहा मिनिटांत निकालात निघणार आहे ते विचारून घ्या आणि तिथं जा. पुढं बसा. परीक्षकानं पहिला प्रश्न विचारायच्या आधी उठून उभं राहा आणि सांगा, आधी तिला तिची दोन पानं मोठ्यानं वाचू द्या. नाही म्हणाले तर बसू नका.